चार नंबरच्या तीन नवम्या

जालन्याच्या मस्तगडात त्या दिवशी नळाला पाणी येणार होतं, म्हणजे जयवंताबाईच्या घरात बाकीच्या सगळ्या कामांना सुट्टी होती. शहाण्णव सालचा जानेवारी. तिनं पहाटेच हंडे, कळशा, दोन ड्रम आणि शेवटी कुकरसुद्धा घासून ओळीनं मांडला होता. नवरा, इंद्रभान, दारातल्या आरशासमोर दाढी करत होता आणि आरशातून नजर न हलवता हुकूम सोडत होता.

“ड्रम पाऊण झाला. नळी दुसऱ्यात टाक.”

“उठून बघा की जरा.”

“बघायला कशाला लागतं? आवाज बदलला ना.”

जयवंताबाईनं वाकून पाहिलं. ड्रम बराबर पाऊण भरला होता. नवऱ्याचं हे नेहमीचं खरं ठरणं तिला मनातून आवडायचं आणि वरून त्याचा रागही यायचा. ती काहीतरी बोलणार, तेवढ्यात दाराची कडी वाजली.

“पाण्याच्या वेळी कोण आलं बाई,” म्हणत तिनं ओल्या हातानंच दार उघडलं. बाहेर चष्मा लावलेला, तिशीतला माणूस उभा होता. खांद्याला पिशवी, काखेत वर्तमानपत्रात गुंडाळलेली कागदाची लांब सुरळी.

“वहिनी, ओळखलं न्हाई? मच्छिंद्र. केदारखेड्याचा.”

इंद्रभान अर्ध्या गालाला साबण तसाच ठेवून उठला. “साहेब! तुमी?”

“घरात साहेब म्हणू नका दादा. गावी चाललो होतो. पण खरं सांगू का, गावाचं निमित्त आहे. काम तुमच्याकडं आहे. चार नंबरचं.”

‘चार नंबर’ म्हटल्यावर इंद्रभाननं हातातला वस्तरा खाली ठेवला. जयवंताबाईनं नळी दुसऱ्या ड्रमात सोडली आणि चहाचं आधण ठेवलं. चार वर्षांत या घरात ते नाव कुणी काढलं नव्हतं.

इंद्रभान मूळचा वाटूरकडचा. बाप धुळाजी मेंढरं राखायचा. निम्मं वर्ष कळपामागं बाहेर, निम्मं वर्ष चार एकरांत. कळप रानात पसरलेला असताना धुळाजी झाडाखाली डोळे मिटून पडायचा आणि पडल्या पडल्या सांगायचा की ओढ्याकडची मेंढरं पुढं सरकली, जा, वळव. पोरानं ऐकण्याची ही विद्या बापाकडून घेतली आणि ती लोखंडावर चालवली. आयटीआयला असताना मोटार चालू झाली की तिचं कोणतं बेअरिंग दुखतंय ते तो मास्तरांच्या आधी सांगायचा.

एक्याऐंशी साली त्याला मुंबईजवळच्या एका सरकारी प्रयोगशाळेत तंत्रज्ञाची नोकरी लागली. पहिली काही वर्षं पंप आणि झडपांमध्ये गेली. पुढं त्याला एका वेगळ्याच दालनात नेमलं. तिथं टेबलावर गुडघ्याएवढाली डबडी मांडलेली असत. सुट्टीत घरी आला की धुळाजी विचारायचा, “करतोस तरी काय तिथं?”

“दादा, अणूची उष्णता असते ना, तिच्यापासून सरळ वीज काढायची डबी. एक अंग आचेला, दुसरं अंग वाऱ्याला. मधी दोन जातींच्या मालाचे बोटभर खांब. एकीकडं गरम, एकीकडं गार, त्या फरकातून वीज येती. वाफ न्हाई, चाक न्हाई, फिरणारं काही न्हाई. एकदा बसवली की बर्फातल्या ठाण्यावर दहा वर्षं दिवा जळंल, कुणी जायला नको.”

“मंग अणू ठेवलाय का त्या डबीत?”

“अजून न्हाई. आधी डबी पारखायची. अणूनं जेवढी उष्णता दिली असती, बराबर तेवढी विजेच्या शेगडीनं द्यायची आणि वर्षानुवर्षं बघायचं, टिकती का.”

धुळाजीनं तंबाखू मळता मळता विचार केला. “म्हंजे वीज जाळून डबी तापवता, आन् डबीतून वीज काढता. ह्याला सरकार पगार देतं?”

घरातले सगळे हसले. इंद्रभानही हसला, पण उत्तर तयार होतं. “कोकराला दुधाची बाटली लावायच्या आधी तुमी ती पाण्यानं भरून गळती का बघता ना? तसंच हे.”

धुळाजीला पटलं. त्यानंतर तो वाटूरच्या फाट्यावर ज्याला त्याला सांगू लागला की माझा इंद्र सरकारच्या बाटल्या तपासतो.

एकोणनव्वदच्या उन्हाळ्यात चौथी डबी चाचणीला लागली आणि ती इंद्रभानच्या स्वाधीन झाली. आधीच्या तिघींमध्ये काही ना काही खोट निघाली होती. ही मात्र पहिल्या दिवसापासून शहाण्यासारखी चालली. मागं शेगडी, मधे डबी, पुढं गार टोकाची ॲल्युमिनियमची पाती. समोरच्या जाळीतून पंखा हवा आत ओढायचा आणि पात्यांवरून फिरवायचा. डबीतून निघणाऱ्या विजेची रेघ एका यंत्रातली लेखणी आपोआप कागदावर ओढत राही. ते यंत्र कुलपात, किल्ली साहेबांकडं. गरम आणि गार टोकाचं तापमान मात्र दिवसपाळीत दर दोन तासांनी बटण फिरवून माणसानं वाचायचं आणि रजिस्टरात लिहायचं. रजिस्टर इंद्रभानच्या हातचं. त्याचे आकडे इतके टपोरे आणि खाडाखोडीवाचून असत, की नव्या पोरांना नमुना म्हणून तेच दाखवत.

असा तीन वर्षं तो चार नंबरपाशी राहिला. कुणाचं लग्न असो, बारसं असो, सुट्टीच्या दिवसाची ड्यूटी तो मागून घ्यायचा. जयवंताबाई चाळीतल्या शेजारणींना म्हणायची, “सवत आहे माझी, चार नंबरची.”

आणि ब्याण्णव साली एक दिवस निरोप आला की चार नंबर बंद करायची. विजेत मधेच मोठी घट येते, पुन्हा आपोआप भरून निघते. कारण सापडत नाही, म्हणजे आतला कुठला तरी सांधा उघडतो आणि मिटतो. अशा डबीवर भरवसा ठेवता येणार नाही. शेगडी थंड केली, डबी पेटीत घालून गोदामात गेली. इंद्रभानला कुणी काही विचारलं नाही, विचारण्यासारखं काही होतं असं कुणाला वाटलंही नाही. त्याच वर्षी धुळाजी अंथरुणाला खिळला. इंद्रभाननं राजीनामा दिला आणि बायकोमुलीला घेऊन जालन्याला आला.

जालन्यात पोलाद वितळवणाऱ्या आणि सळया ओढणाऱ्या गिरण्यांना भट्टीचं तापमान सांगणारा माणूस हवाच होता. भट्टीत घालायच्या त्या दोन धातूंच्या तारांची जातही चार नंबरच्याच घराण्यातली. टोक तापलं की तारेत किंचित वीज उठते, तिच्यावरून तापमान कळतं. इंद्रभान त्या तारा जोडू लागला, मीटर दुरुस्त करू लागला. हळूहळू औद्योगिक वसाहतीत बोलणं पडून गेलं, की इंद्रभाननं आकडा सांगितला म्हणजे दुसऱ्यांदा मोजायचं काम नाही. अण्णासाहेब नावाचे एक गिरणीमालक तर त्याच्या चिठ्ठीवर भट्टी उघडायचे. शिकलेल्या माणसाला घराबाहेर किंमत मिळवायला वय जातं. याला चार वर्षं लागली, आणि ती सगळी किंमत त्या आकड्याची होती.

चहा झाला. त्याच प्रयोगशाळेत इंजिनिअर असलेल्या मच्छिंद्रनं सुरळी जमिनीवर उलगडली. चौकटींच्या कागदावर एक निळी रेघ सरळ चालली होती.

“दादा, डबी पुन्हा बाहेर काढायची असं माझ्या मनात आहे. नव्या पाच डब्यांमध्ये हिच्यासारखी एकही न्हाई. पण समितीला या तीन खड्ड्यांचं कारण पाहिजे. कारण न्हाई, तर पुढच्या महिन्यात हिला मोडीत काढणार. सव्वीस हजार तास चाललेली डबी, दादा.”

निळी रेघ एका जागी खाली घसरली होती, दीड दिवस खालीच राहून पुन्हा वर आली होती. असं तीन ठिकाणी.

“गार टोक तापलं असंल,” इंद्रभान लगेच म्हणाला. “सांधा उघडला तर रेघ थरथरती. ही शांत उतरून राह्यली.”

“मलाबी तेच वाटलं. पण तुमच्या रजिस्टरात गार टोक त्या दिवशी बिलकुल नेहमीसारखं आहे. म्हणून तर सगळे अडले. रेघ खोटी म्हणावी तर यंत्र तपासून झालं. रजिस्टर खोटं म्हणायला कुणी तयार न्हाई. तुमचं अक्षर आहे ते.”

इंद्रभान किंचित ताठ झाला. “बराबर आहे.”

“तारखांतबी काही मेळ न्हाई. एकोणनव्वदला नऊ ऑक्टोबर. नव्वदला अठ्ठावीस सप्टेंबर. एक्क्याण्णवला सतरा ऑक्टोबर. हवामान बघितलं, विजेची ये-जा बघितली. काही जुळत न्हाई.”

जयवंताबाई कपबश्या उचलत होती. ती थांबली. “पुन्हा सांगा भाऊ.”

मच्छिंद्रनं तारखा पुन्हा सांगितल्या.

“एका वर्षी अकरा दिवस मागं, दुसऱ्या वर्षी एकोणीस दिवस पुढं. अशा हिंडणाऱ्या तारखा सणाच्या असतात. मधी अधिक महिना आला की पुढं उडी मारतात. आन् नव्वदचा दसरा मला पक्का ध्यानात आहे. पगाराच्या आदल्या दिवशी आल्ता. माझा भाऊ जेवायला आन् घरात श्रीखंडाला पैसे न्हाईत. एकोणतीस तारीख. मंग अठ्ठावीसला काय होतं?”

“नवमी,” मच्छिंद्र म्हणाला. “खंडेनवमी.”

 दुसरा ड्रम भरून वाहू लागला तरी इंद्रभाननं सांगितलं नाही. जयवंताबाईच धावली.

ती परत आली तेव्हा तो बोलत होता. आवाज साधा होता, पण शब्द एकेक सुटा येत होता.

“आमच्यात नवमीला सगळी हत्यारं धुऊन मांडतात. कात्री, कोयता, कुऱ्हाड. हळदकुंकू वाहायचं, फुलं घालायची. दसऱ्याची पूजा होस्तोवर त्यांना हात लावायचा न्हाई. आमचे दादा तर त्या दिवशी मेंढराची लोकर अडकली तरी हातानं सोडवायचे, कात्री घ्यायचे न्हाईत. मी चार नंबरची पूजा करायचो. दालनात मी एकटाच असायचो. हिनं केलेला झेंडूचा हार घालायचो.”

“कुठं घालायचा?” मच्छिंद्रनं हळूच विचारलं.

“तोंडावर. समोर.” इंद्रभाननं ओठ दाबले. “जाळीवर.”

“तीन पदरी हार,” जयवंताबाई म्हणाली. “तुमीच म्हणायचे, भरगच्च कर, उघडं दिसू नये.”

“आन् रजिस्टर?” मच्छिंद्रनं विचारलं.

“रजिस्टर आन् पेन पूजेत. बटणबी हत्यारच की, ते फिरवलं न्हाई. कान देऊन बसलो होतो. पंखा नीट चालू होता, शेगडी नीट होती. म्हटलं, बदलायचंय काय? दसऱ्याला संध्याकाळी हार काढला आन् राहिलेल्या रकान्यांत आदले आकडे उतरवले. तीन वर्षं.”

मच्छिंद्रनं चष्मा काढून पुसला. जयवंताबाईला वाटलं, आता आपला नवरा खचणार. चार वर्षं मनात धरलेली खोट डबीची नव्हतीच. ती त्याच्याच हातची होती. पण इंद्रभान उठला आणि कोपऱ्यातलं टेबल ओढू लागला.

“नुसत्या बोलण्याचा उपयोग न्हाई. करून बघू. जयवंता, चांगुणाबाईकडं झेंडू मिळंल का या वेळी?”

“फुलवाली आहे ती, मिळंल न्हाईतर काय. पण पाणी?”

“पाणी साहेब बघतील.”

“घरात साहेब म्हणू नका म्हटलं ना,” मच्छिंद्र म्हणाला आणि पँट दुमडून नळीपाशी जाऊन बसला.

जयवंताबाई कोपऱ्यावरून पाव-पाव किलोच्या तीन पुड्या घेऊन आली आणि उंबऱ्यावरच गुंफायला बसली. हात तोच, दोरा तोच, फुलं तशीच अंगाला अंग लावून. तोवर इंद्रभाननं दुरुस्तीला आलेली छोटी शेगडी, तिच्यावर लोखंडाची पट्टी, पट्टीच्या दुसऱ्या टोकाला जुन्या मोटारीची पात्यापात्यांची टोपी, असं जुळवलं. टोपीत तार खोचली, तार मीटरला लावली. समोर घरचा टेबलफॅन.

मीटर चढत चढत शेहेचाळीसवर येऊन थांबलं. अर्धा तास शेहेचाळीसच.

“घाल,” इंद्रभान म्हणाला.

जयवंताबाईनं पंख्याच्या पाठीमागच्या जाळीवर, जिकडून पंखा हवा ओढतो तिकडं, हार बांधला. फुलं ओढली जाऊन जाळीला चिकटली. पंख्याचा आवाज तसाच. इंद्रभाननं डोळे मिटून ऐकलं आणि मान हलवली. “बघा. कानाला काही कळत न्हाई.”

सत्तेचाळीस. पन्नास. चोपन्न. मच्छिंद्र नळी सोडून येऊन उभा राहिला. एकोणसाठवर काटा थांबला. जयवंताबाईनं हार काढला, तसा तो सावकाश पुन्हा उतरू लागला.

“डबी शहाणी होती,” इंद्रभान म्हणाला. त्याच्या चेहऱ्यावर लाज होती, पण तिच्याहून मोठा आनंद होता, आणि तो लपवायचं त्याला सुचत नव्हतं. “तिचं बिलकुल चुकलं न्हाई. गार टोक तापलं, तिनं वीज कमी दिली. तिनं खरं सांगितलं. रजिस्टरानं खोटं सांगितलं. हे माझं घरगुती माप आहे. तुमी तिथं चार नंबर चालू करा, जाळीवर असाच हार घाला आन् या वेळी बटण फिरवून वाचा. रेघ तेवढीच उतरती का बघा. उतरली तर समितीला दुसरं काही सांगायला नको.”

मच्छिंद्र थोडा घुटमळला. “दादा, एक सोपा रस्ता आहे. मी निघताना वरिष्ठ म्हणाले, त्या दिवशी पंखा बंद पडला होता एवढं जरी लिहून आणलं तरी चालंल. डबी सुटंल. रजिस्टराचा विषयच निघणार न्हाई.”

जयवंताबाईनं नवऱ्याकडं पाहिलं. तिला गिरण्या दिसत होत्या, अण्णासाहेबांची चिठ्ठी दिसत होती. जालन्यात बातमीला पाय लागायला वेळ लागत नाही. आकड्याच्या माणसानं आकडे खोटे लिहिले होते, एवढं पुरतं.

“पंख्याची देखभाल कुणाकडं होती?” इंद्रभाननं विचारलं.

“कचरूकडं.”

“आहे अजून?”

“आहे. पुढच्या वर्षी रिटायर होईल.”

“तीन वर्षांत त्याचा पंखा एकदाबी थांबला न्हाई. जाताना त्याच्या नावावर तीन बिघाड लावू मी? आन् तुमी मंग काय करणार, दुसरा पंखा आणणार. दुखणं एकीकडं, औषध दुसरीकडं. पुढच्या नवमीला दुसरा कुणीतरी हार घालंल आन् पुन्हा रेघ उतरंल.”

“पण अहो, इथल्या लोकांच्या कानावर गेलं तर?” जयवंताबाई न राहवून म्हणाली.

“कुणी सांगायच्या आधी मीच सांगतो. दुपारी अण्णासाहेबांची भट्टी आहेच. तीन नवम्यांचे आन् दसऱ्यांचे आकडे खोटे होते म्हणून सांगतो. बाकीचे सव्वीस हजार तास खरे होते, तेबी सांगतो.”

“आन् ते म्हणाले, उद्यापासून येऊ नका?”

“तर दुसऱ्या मीटरनं मोजून बघा म्हणंन. माझा आकडा मोजून खरा निघतो, मला भ्यायचं काय कारण?”

जयवंताबाईला हसू आलं. सकाळच्या ड्रमचा सगळा तोरा त्या वाक्यात पुन्हा उभा होता. पण या वेळी त्यात ‘मोजून’ हा शब्द होता, हे तिच्या कानानं टिपलं.

मुलीच्या वहीतली चार पानं निघाली. इंद्रभान मांडी घालून बसला आणि त्याच टपोऱ्या अक्षरात लिहू लागला. तीन तारखा घातल्या. गरम-गार टोकांचे आकडे त्या दिवशी आणि दुसऱ्या दिवशी दसऱ्याला आपण वाचले नाहीत, आदल्या दिवसाचे उतरवले, असं लिहिलं. हार कुठं घातला, किती वाजता घातला, किती वाजता काढला, हे आठवेल तसं लिहिलं, आणि जे आठवत नव्हतं तिथं ‘आठवत नाही’ असं लिहिलं. खाली आजच्या चाचणीचे आकडे मांडले.

“हार मी गुंफला, तेबी लिहा,” जयवंताबाई म्हणाली.

“कशाला? जाळीवर घाला, असं तू सांगितलं न्हवतं.”

“भरगच्च तर मीच केला ना.”

त्यानं क्षणभर विचार केला. “हाराची जाडी लिहितो,” म्हणाला, आणि पट्टीनं हार मोजून ‘सुमारे तीन बोटे, तीन पदर’ अशी ओळ घातली. मच्छिंद्र मोठ्यानं हसला. सरकारी अहवालात असं माप पहिल्यांदाच जाणार होतं.

पानं घडी करून पिशवीत गेली. समितीचं सगळं काम इंग्रजीत. हे सगळं मच्छिंद्र रात्री गावी बसून इंग्रजीत उतरवणार, टंकून घेणार आणि परत जाताना इंद्रभानची सही घेण्यासाठी जालन्यात उतरणार, असं ठरलं. त्यानं बूट घातले.

“दादा, इंग्रजीत लिहिताना मी जरा सांभाळून लिहीन. श्रद्धेपोटी, अनवधानानं, असं काहीतरी. तुम्ही काळजी करू नका. आणखी काही पाहिजे का तुम्हाला? मुंबईहून काही पाठवू? समितीला काही सांगू?”

इंद्रभान दारापर्यंत आला. गालाचा साबण केव्हाच वाळून गेला होता.

“समितीला काही नको. सांभाळूनबी लिहू नका, झालं तसं लिहा. माझं एकच म्हणणं आहे. मला इंग्रजी तेवढं येत न्हाई. सही घ्यायच्या आधी तो सगळा कागद मला एकदा मराठीत वाचून दाखवा.”